आनर बाइल्स्मा आणि बरॉक चेलो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन संगीतकार बाखचे चेलो-सूट (सूट म्हणजे नाचांच्या चालींवरच्या छोट्या रचनांची माळ) ऐकायला लागलेल्या माणसाला कधी ना कधी आनर बाइल्स्मा हे नाव भेटतंच, आणि मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत आलेले, पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तिथे क्रमांक दिलाय.

१. हे बाइल्स्मा कोण? आणि नाव नेमकं कसं उच्चारायचं?

डच चेलोवादक आणि शिक्षक. जन्म हेगमध्ये, १७ फेब्रुवारी १९३४ रोजी; निधन ॲमस्टरडॅममध्ये, २५ जुलै २०१९ रोजी. जुन्या पद्धतीचा चेलो विसाव्या शतकात पुन्हा मैफलीत आणणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. डच लोक हे आडनाव आय आणि जे या जोडीनं लिहितात, रेकॉर्डच्या कव्हरवर मात्र तिथे वाय छापलेला दिसतो. उच्चार दोन्हीचा एकच, ‘बाइल्स्मा’च्या जवळचा. ‘बिल्स्मा’ म्हणू नका, एवढंच.

२. चेलो म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिन. मग बरॉक चेलो त्याहून वेगळा कसा?

साधारण १६०० ते १७५० या काळाला पाश्चात्त्य संगीतात बरॉक म्हणतात. त्या काळातल्या चेलोचं लाकडी शरीर बरंचसं आजच्यासारखंच होतं. मोठा फरक आहे तो तारा, गज आणि बैठक यांत.

तारा आतड्याच्या. आपल्याकडे तिला तात म्हणतात. सारंगीच्या मुख्य तीन तारा तातेच्याच असतात, पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही तातच असायची, त्यामुळे हा आवाज आपल्या कानाला तसा परका नाही. धातूच्या तारेचा स्वर गज लागताच चकाकतो. तातेचा स्वर आधी थोडा खरखरतो, मग उमलतो. चेलोच्या खालच्या तारांसाठी आतड्यावर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली. तोवर खालचा स्वर नीट मिळायचा तर तार खूप जाड किंवा वाद्य खूप मोठं करावं लागे.

गजाची काठी बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेली असते. आजच्या गजाची काठी आत, केसांकडे वळते. हा आकार फ्रान्समध्ये टुर्ट या गज बनवणाऱ्या कारागिरानं अठराव्या शतकाच्या अखेरीस पक्का केला. आणि जमिनीवर टेकवायचा धातूचा दांडा नसतो. वाद्य दोन्ही पोटऱ्यांत धरायचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, आता निसटणार.

३. बाइल्स्मा सुरुवातीपासून बरॉकच वाजवायचे का?

नाही, आणि त्यांच्याबद्दलचा हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. पहिले धडे वडिलांकडे, मग हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत कारेल फान लेउवेन बोमकाम्प यांच्याकडे. १९५७ मध्ये तिथला सर्वोच्च सन्मान मिळाला, १९५९ मध्ये मेक्सिकोत भरलेल्या पाब्लो कासाल्स स्पर्धेत पहिला क्रमांक. १९६२ ते १९६८ ते ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ ऑर्केस्ट्राचे प्रमुख चेलोवादक होते. जगातल्या अव्वल ऑर्केस्ट्रांपैकी एक, आणि त्यातली चेलोची पहिली खुर्ची.

‘नव्या वाद्यावर जमलं नाही म्हणून जुन्याकडे वळले’ असा टोमणा त्या काळी जुन्या वाद्यांच्या मंडळींना सर्रास मारला जाई. बाइल्स्मांच्या बाबतीत तो जागच्या जागी गळून पडायचा.

गुरूंचाही वाटा मोठा. बोमकाम्प स्वतः कॉन्सर्टखेबाउत चेलो वाजवलेले, व्हिओला दा गांबाही वाजवणारे आणि जुन्या वाद्यांचे संग्राहक. त्यांचा संग्रह पुढे हेगच्या संग्रहालयात गेला. अशा माणसाकडे शिकणाऱ्या पोराला जुनं वाद्य काचेमागचं वाटत नाही.

४. ऑर्केस्ट्रातली ती खुर्ची सोडून त्यांनी केलं काय?

एकल मैफली, अध्यापन, आणि दोन सोबत्यांबरोबरचं त्रिकूट : बासरीसारख्या रेकॉर्डर या वाद्याचे वादक फ्रान्स ब्रुखेन आणि हार्पसिकॉर्डवादक (पियानोच्या आधीचं, पट्ट्या दाबून वाजवायचं तारवाद्य) गुस्टाफ लेओनहार्ट. साठ-सत्तरच्या दशकांत हेग-ॲमस्टरडॅम परिसरात जुन्या संगीताचा जो नवा विचार चालू होता, त्याच्या मध्यभागी हे तिघं होते. ऑर्केस्ट्रात असतानाच ही संगत जुळली होती. व्हायोलिनवादक याप श्र्योडर यांच्यासह हीच मंडळी ‘क्वाड्रो ॲमस्टरडॅम’ नावानं वाजवत असत.

५. बरॉक चेलोवादक म्हणजे आयुष्यभर बाखचे सहा सूटच वाजवायचे?

तसं असतं तर पोट भरलं नसतं. बरॉक काळात चेलोचं मुख्य काम साथीचं. याला बासो कंटिन्युओ म्हणतात : खालची स्वरांची ओळ चेलो वाजवतो, तिच्यावर लिहिलेल्या आकड्यांवरून हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गन स्वरसंगती भरतो. ही भरणी लिहिलेली नसते, वादकानं जागेवर करायची असते.

आपल्याकडे तबलजी किंवा पेटीवाला मुख्य गायकाचा श्वास ओळखून वाजवतो, तसंच हे. गायकानं शब्दावर रेंगाळायचं ठरवलं तर चेलोनं थांबायचं. तो घाईत असेल तर पुढे खेचायचं नाही, फक्त जमीन पक्की ठेवायची. ब्रुखेन-लेओनहार्टबरोबर बाइल्स्मांनी हे वर्षानुवर्षं केलं. त्यांच्या एकल वादनातही खालचा स्वर कधी नुसता ‘लागत’ नाही, तो वरच्या स्वरांना उभं करतो. मला तर ते एकटे वाजवत असतानाही साथीला कुणीतरी बसलंय असं वाटतं.

एकल संगीत फार नव्हतंच असंही नाही. बोलोन्यात दोमेनिको गाब्रिएल्लीनं १६८९ च्या सुमारास एकट्या चेलोसाठी रिचेर्कार नावाच्या रचना लिहिल्या, बाखच्या सूटांच्या तीसेक वर्षं आधी.

६. ही मंडळी अर्धा स्वर खाली का लावतात?

आजची सर्वसाधारण प्रथा म्हणजे ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला. बरॉकसाठी तो बहुधा ४१५ ला लावतात, म्हणजे साधारण अर्धा स्वर खाली. पेटीवर बोलायचं तर गाणारा काळी दोनवरून पांढरी दोनवर उतरला. फ्रेंच संगीतासाठी कधीकधी ३९२ पर्यंतही जातात.

पण ४१५ हा काही त्या काळातला सरकारी दर नव्हता. त्या काळी गावागणिक, चर्चच्या ऑर्गनगणिक सूर वेगळा असे. देशोदेशीच्या वादकांना एकत्र वाजवता यावं म्हणून विसाव्या शतकात सोयीसाठी ठरवलेला हा आकडा आहे.

७. बाखच्या सूटांबद्दल इतका वाद कशाचा? स्वर तर छापलेलेच आहेत.

स्वर आहेत, बाखच्या हातचा कागद नाही. सहा सूट साधारण १७२० च्या आसपास, बाख जर्मनीतल्या क्योटेनच्या दरबारात असतानाच्या काळातले मानले जातात. मूळ हस्तलिखित हरवलं. उरल्या त्या नकला : एक योहान पेटर केल्नरची, १७२६ ची, दुसरी बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या हातची, त्यानंतरच्या काही वर्षांतली, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दोन, कुणाच्या ते नाव नसलेल्या. छापील आवृत्ती थेट १८२४ मध्ये, पॅरिसला. त्यानंतर प्रत्येक संपादकानं आपापल्या सोयीनं गजाच्या खुणा घातल्या. स्पॅनिश चेलोवादक पाब्लो कासाल्स तेरा वर्षांचे असताना त्यांना बार्सिलोनाच्या एका दुकानात या सूटांची प्रत मिळाली, पुढे १९३६ ते १९३९ मध्ये त्यांनी ते रेकॉर्ड केले आणि जगानं चेलोकडे नव्यानं पाहिलं.

चारही नकलांत स्वरांबद्दल मतभेद थोडे. खरा घोळ आहे स्लरांचा. स्लर म्हणजे स्वरांवरची कमानीसारखी रेघ. तिच्याखालचे सगळे स्वर एकाच गजात वाजवायचे. ही रेघ चारही ठिकाणी वेगवेगळी आहे. बाइल्स्मांचं म्हणणं काय होतं, ते पुढच्या प्रश्नात.

८. दोन-चार रेघा इकडच्या तिकडे झाल्या तर ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?

करून बघा. पहिल्या सूटचा प्रेल्यूड (म्हणजे सुरुवातीचा तुकडा), अर्धा बार (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन). ‘जी’ला सा मानलं तर आठ स्वर असे : सा, प, वरचा ग, वरचा रे, वरचा ग, प, वरचा ग, प. मग हेच पुन्हा.

आता हातात पट्टी धरा आणि गज म्हणून ओढा. गजाचे दोन प्रवास असतात : मुठीकडून टोकाकडे ओढलेला आणि टोकाकडून मुठीकडे ढकललेला. ओढलेला गज आपसूक वजनदार, कारण मूठ आणि हाताचा भार तिथे, ढकललेला हलका.

समजा पहिल्या तीन स्वरांवर एक रेघ आहे, उरलेले पाच सुटे. एक अधिक पाच, गजाचे सहा फेरे. संख्या सम, म्हणून पुढचा ‘सा’ पुन्हा ओढत्या गजावर, वजनदार येतो. आता रेघ चार स्वरांवर आहे असं धरा, उरलेले चार सुटे. फेरे पाच. विषम! म्हणजे पुढचा ‘सा’ ढकलत्या गजावर आला. तोच स्वर, तीच जागा, पण पहिल्यांदा ठाम आणि दुसऱ्यांदा अलगद. आपल्या भाषेत सांगायचं तर सम तीच राहते, ती दाखवायची रीत बदलते.

आना माग्दालेनाच्या नकलेत ही रेघ नेमकी कुठे संपते, यावर आजही लोक डोळे बारीक करून बसतात. बहुतेक संपादकांनी असे ‘उलटे’ गज चुकीचे समजून सरळ करून टाकले. बाइल्स्मांची भूमिका नेमकी उलट होती : आधी ते जसे लिहिलेत तसे वाजवून तर बघा. एकाच आकृतीला दर वेळी वेगळा गज पडतो, म्हणून ती बोलण्यासारखी वाटते. तलवारबाज दर वार एकाच बाजूनं करत नाही, तसं. पहिल्या तीन सूटांवर १९९८ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘बाख, तलवारबाजीचा उस्ताद’ अशा अर्थाचं आहे, ते यासाठीच. पुस्तकात सिद्धान्त मांडत बसलेले नाहीत. एखादा पोथी मोठ्यानं वाचून दाखवावी तसे ते बारमागून बार वाचत जातात, मध्येच चेष्टाही करतात.

९. पण आना माग्दालेना रेघा काढताना निष्काळजी होती, असं अभ्यासक म्हणतात. मग बाइल्स्मा चुकले?

आक्षेप पोकळ नाही. बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या रचनांचं १७२० सालचं, त्याच्या हातचं हस्तलिखित शाबूत आहे, आणि त्याचीच आना माग्दालेनानं केलेली नक्कलही आहे. दोन्ही शेजारी ठेवली की दिसतं : स्वर तिनं चोख उतरवले, रेघा मात्र कित्येकदा इकडे-तिकडे सरकल्या. हेच चेलोच्या नकलेत झालं नसेल कशावरून?

माझं मत विचाराल तर प्रत्येक रेघ बाखचीच, असं धरून चालणं धाडसाचं आहे. पण बाइल्स्मांनी जे मिळवलं ते त्या दाव्यावर उभं नाही. शंभरेक वर्षं चेलोवादक संपादकानं सपाट केलेल्या रस्त्यावरून चालत होते. मूळ कागदातल्या खाचखळग्यांकडे परत बघायला त्यांनी लावलं. आज सूट शिकणारा विद्यार्थी नकलांची छायाचित्रं समोर ठेवून गज ठरवतो, आणि ‘असंच का?’ याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. पूर्वी ‘आवृत्तीत आहे म्हणून’ एवढं पुरत असे.

१०. हे सूट मुळात आना माग्दालेनानंच रचले, हे खरं का?

नाही. ही कल्पना मधूनमधून बातम्यांत येते. हस्ताक्षरावरून केलेला तो तर्क बाखच्या अभ्यासकांनी मान्य केलेला नाही. ती उत्तम गायिका होती आणि नवऱ्याच्या कामाची विश्वासू नक्कलकार. तेवढं श्रेय तिला जरूर द्या.

११. बाइल्स्मांचं सूटांचं १९७९ चं रेकॉर्डिंग ऐकावं की १९९२ चं?

दोन्ही, पण आधी १९७९ चं. त्यात पहिल्या पाच सूटांसाठी १६९९ चा, व्हेनिसच्या मातेओ गोफ्रिल्लेर या कारागिराचा चेलो आहे. आवाज कोरडा, जवळचा, गजाची खरखर ऐकू येणारा. नृत्यांचे ठेके त्यात स्पष्ट कळतात. प्रेल्यूडनंतर येणारे आलेमांद, कुरांत, साराबांद, जीग हे शेवटी नाचच आहेत, हे विसरायला होत नाही.

१९९२ ला हातात होता ‘सर्व्हे’ नावाचा, १७०१ सालचा, स्त्रादिवारी या इटालियन कारागिरानं घडवलेला चेलो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला. त्या काळचे मोठ्या आकाराचे चेलो पुढे बहुतेक कापून लहान केले गेले, हा तसाच राहिला. त्याचा खालचा स्वर ऐकताना खोली मोठी झाल्यासारखी वाटते. वादनही जास्त मोकळं, जास्त लहरी. काहींना ती लहर अति वाटते. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला मी इथून सुरुवात करायला सांगणार नाही.

एक गंमत : हा चेलो ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते बेल्जियन वादक सर्व्हे एकोणिसाव्या शतकातले. चेलोखालचा दांडा लोकप्रिय करण्याचं श्रेय त्यांनाच देतात. दांड्याशिवाय वाजवणाऱ्यांच्या म्होरक्याच्या हाती शेवटी दांडेवाल्याचंच वाद्य आलं.

१२. जुन्या वाद्यावर हे सूट रेकॉर्ड करणारे बाइल्स्माच पहिले ना?

तसं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, पण नाही. ऑस्ट्रियाचे निकोलाउस हार्नोनकूर्ट यांनी ते साठच्या दशकातच केलं होतं. बाइल्स्मांचं रेकॉर्डिंग जास्त पोचलं आणि जास्त जणांनी त्याचं अनुकरण केलं, असं म्हणा.

१३. शिक्षक म्हणून त्यांचं वेगळेपण काय? शिष्य कोण?

हेग आणि ॲमस्टरडॅम या दोन्ही कॉन्झर्व्हेटरींत त्यांनी शिकवलं. १९८२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात इरॅस्मस स्कॉलर म्हणून बोलावणं आलं. शिष्यांत हॉलंडचे पीटर विस्पेलवे आणि जपानचे हिदेमी सुझुकी ही दोन नावं ठळक. दोघांचं वादन शेजारी ठेवून ऐका. सुझुकी संयत, बरॉकमध्येच मुख्यतः रमलेले. विस्पेलवे दोन्ही प्रकारचे चेलो हाताळणारे, टोकाला जाऊन वाजवणारे. एकाच गुरूचे वाटत नाहीत, आणि मला त्यातच गुरूची ओळख पटते. घराण्याचा ठसा उमटवण्यापेक्षा कागद कसा वाचायचा हे त्यांनी दिलं (प्रश्न ८). कागद एकच असला तरी दोन शहाणी माणसं तो सारखा वाचत नाहीत.

१४. बाखनंतरचं संगीत त्यांनी वाजवलंच नाही का?

भरपूर वाजवलं. व्हायोलिनवादक पत्नी व्हेरा बेट्स आणि व्हायोलावादक युर्गेन कुसमाउल यांच्याबरोबर त्यांचा लार्किबुदेल्ली हा समूह होता. नाव इटालियन शब्दांची गंमत आहे : आर्को म्हणजे गज, बुदेल्ला म्हणजे आतडी! मोझार्ट, शुबर्ट, मेंडेल्सोन त्यांनी तातेच्या तारांवर वाजवले. बेथोव्हेनचे सोनाटे माल्कम बिल्सनच्या जुन्या पियानोबरोबर केले. बोक्केरिनी, जो स्वतः चेलोवादक, तर त्यांचा खास लाडका. आणि दुसऱ्या टोकाला विसाव्या शतकातल्या मेसियांचं चौकडीसाठीचं संगीतही आहे. ‘बरॉक चेलोवादक’ ही चिठ्ठी त्यांच्यावर लोकांनी चिकटवली.

१५. बरॉकमध्ये व्हायब्रेटो, म्हणजे बोटाचा कंप, वर्ज्य असतो ना?

वर्ज्य नाही. इटालियन व्हायोलिनवादक जेमिनियानीनं १७५१ मध्ये कंप शक्य तितका वापरा असंच सांगितलंय. १७५६ मध्ये लेओपोल्ड मोझार्ट (प्रसिद्ध मोझार्टचे वडील) मात्र प्रत्येक स्वरावर थरथरणाऱ्यांना तापाचे रोगी म्हणतो. म्हणजे वाद तेव्हाही होताच. आज बरॉक वादक कंपाकडे अलंकार म्हणून बघतात. आंदोलन आपण रागात हवं तिथेच घेतो, सगळीकडे घेत सुटत नाही, तसं.

१६. मुलगी पुण्यात चेलो शिकतेय. बरॉक चेलोच घेऊन द्यावा का?

आत्ता नको. बाइल्स्मांचाच रस्ता बघा (प्रश्न ३) : आधी आजचा चेलो पक्का, मग जुना. भारतात ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संगीत-परीक्षा मंडळांच्या परीक्षा देता येतात. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे चांगले चेलोवादक प्रत्यक्ष ऐकायला मिळतात. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवलं जातं. पुढे खरंच ओढ लागली तर हेगची कॉन्झर्व्हेटरी आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची, १९३३ मध्ये स्थापन झालेली स्कोला कांटोरुम ही दोन मोठी ठिकाणं.

तोवर स्वस्तात करून बघण्यासारखं एक : त्याच चेलोवर वरच्या दोन तारा तातेच्या लावा आणि जुन्या घडणीचा एक गज घ्या. फक्त जून ते सप्टेंबर धीर ठेवा. आतडं हवेतलं पाणी पितं, तार फुगते, सूर दर दहा मिनिटांनी हलतो. सारंगीवाल्यांना विचारा, ते हसतील.

१७. हे सूट खांद्यावर आडव्या धरलेल्या चेलोसाठी होते, असंही वाचलं. मग सगळेच चुकीचं वाजवतात?

खांद्यावरचा चेलो म्हणजे व्हिओलोन्चेलो दा स्पाल्ला : पट्ट्यानं छातीवर अडकवून व्हायोलिनसारखा वाजवायचा. बेल्जियमच्या सिगिस्वाल्ड कौकन यांनी सहाही सूट त्यावर रेकॉर्ड केले आहेत. त्या काळी ‘व्हिओलोन्चेलो’ हा शब्द एकाहून अधिक आकारांच्या वाद्यांना लावत, इतपत ठाम म्हणता येतं. बाखच्या मनात नेमकं कोणतं होतं हे त्यावरून ठरत नाही.

१८. पाचवा आणि सहावा सूट आमच्या मास्तरांनी ‘वेगळे आहेत’ म्हणून बाजूला ठेवले. का?

कारण ते साध्या लावणीचे नाहीत. पाचव्यात सर्वांत वरची तार ‘ए’वरून ‘जी’वर उतरवायची. कागदावर त्या तारेसाठी स्वर मात्र ती उतरवलेलीच नाही अशा रीतीनं लिहिलेले असतात. म्हणजे लिहिलेलं बोटांसाठी, ऐकू येतं ते एक स्वर खाली. पहिल्या दिवशी डोळा आणि कान एकमेकांशी भांडतात. नेहमीच्या लावणीतही तो वाजवतात, पण काही स्वरसमूह बोटांत मावत नाहीत म्हणून गाळावे लागतात.

सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी. आना माग्दालेनानं तसं नकलेतच लिहून ठेवलंय. पाचवी तार वरची, ‘ई’ची. बाइल्स्मा त्यासाठी दोन्ही वेळी छोटा, पाच तारांचा चेलो पिक्कोलो घेऊन बसले. चार तारांवरही तो होतो, रोज कुठेतरी वाजवला जातोच; पण तेव्हा डावा अंगठा तारेवर चढवून पार वर, गजाच्या जवळ जाऊन वाजवावं लागतं. तुमच्या मास्तरांनी तो बाजूला ठेवला असेल तर अजून दोन-तीन वर्षं राहू द्या.